डब्यातला तंबोरा

"हे बंद करा," मी म्हणालो.

रूथ सिस्टरनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या उशाशी स्टुलावर तिनं एक काळा डबा ठेवला होता, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. त्याची वायर भिंतीत खोचून तिनं बटण फिरवलं आणि त्यातून तंबोरा वाजायला लागला. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. पुन्हा पंचम.

बायपासला तिसरा दिवस होता. छातीचं हाड मधोमध कापून, आतलं काम उरकून, ते परत तारेनं बांधलं होतं. श्वास थोडा खोल गेला की आत कुणीतरी फाचर ठोकतंय असं वाटायचं. आणि अशा वेळी या बाईनं माझ्या उशाशी नेमकी तीच वस्तू आणून ठेवली होती, जिला मी अकरा वर्षं माझ्या दुकानाची पायरी चढू दिली नव्हती.

"बंद करा म्हणतोय ना."

"वीस मिनिटं ऐका," ती म्हणाली. "मग नळी तोंडात धरून श्वासाच्या यंत्रातले ते तीन चेंडू वर ओढायचे आणि मग खोकायचं. काल दिवसभर तुम्ही एकदाही नीट खोकला नाहीत, चाचा. छातीत कफ साठला तर पुन्हा मशीनवर घालावं लागेल."

मी तिला एक शिवी दिली. घरच्या दखनी बोलीतली होती, पण मिरजेत वाढलेल्या माणसाला ती कळते, आणि रूथ सिस्टर मिरजेचीच होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, पडदा ओढला आणि पुढच्या पेशंटकडं निघून गेली.

माझं नाव नबीलाल. आमच्या घरात चार पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. भीमेकाठचे भोपळे आणून, वाळवून, कापून त्यांना दांडी बसवायची, पटाशीनं नक्षी काढायची आणि शेवटी घोडीवर जवारी काढायची. घोडी म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती हाडाची पट्टी. ती घासून घासून असा उतार द्यायचा की तार तिला जेमतेम शिवेल आणि आवाज फुलत जाईल. हे काम शिकवून येत नाही. माझ्या हाताची जवारी लांबलांबचे गाणारे ओळखायचे. हा डबा बाजारात आला तेव्हा त्यातले पुष्कळ जण माझ्याकडं यायचे बंद झाले. एक बाई डबा पिशवीत घेऊनच दुकानात आल्या आणि म्हणाल्या, माझा तंबोरा या डब्याशी जुळवून द्या. मी त्यांचा तंबोरा त्यांच्या हातात परत दिला आणि दुकानाचं दार लावून घेतलं.

गावात हे डबे विकायला पहिल्यांदा आणले ते माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं, बाबालालनं. वडील गेले, त्यांचा चाळीसावा झाला आणि त्याच दिवशी आमची वाटणी झाली. त्या दिवशी भिंतीवरचा माझा तंबोरा नाहीसा झाला. दोन वर्षं खपून मी तो केला होता, कुणाच्या मागणीवरून नव्हे, स्वतःसाठी. वडिलांनी मरणाआधी तो छेडून बघितला होता आणि नुसती मान हलवली होती. ते कौतुक करणाऱ्यातले नव्हते. तो तंबोरा खुंटीवरून गेला आणि घरातून बाबालालही गेला. दुसऱ्या दिवशी मी चार वाजता चहाच्या टपरीवर, जिथं आमच्या गल्लीतले सगळे कारागीर जमतात तिथं, उभा राहून ओरडून सांगितलं की माझा भाऊ चोर आहे. बाबालाल तिथंच होता. त्यानं कप खाली ठेवला आणि तो काही न बोलता गेला. त्यानंतर आमचं बोलणं बंद. माझ्या मुलीच्या लग्नात मी त्याला बोलावलं नाही. तो मांडवाच्या टोकाला रस्त्यावर येऊन उभा राहिला होता, असं मागाहून कुणीतरी सांगितलं. मी म्हणालो, उभा राहू दे.

तर तो डबा वाजत होता. बटणापर्यंत हात न्यायचा तर छाती ताणावी लागत होती, म्हणून मी तसाच पडून राहिलो आणि मनातल्या मनात त्याच्या चुका काढायला लागलो. डब्यातला आवाज म्हणजे मेलेला आवाज, हे माझं ठरलेलं मत होतं. पण पडल्या पडल्या दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चार तारा एकामागून एक येत होत्या. खर्जाची तार आली की श्वास आपोआप सुटायचा. पंचमावर परत आत यायचा. मी ठरवून काही केलं नाही. दुखणं तेवढंच होतं, फक्त ते माझ्या अंगावरून उठून कॉटच्या कडेवर जाऊन बसलं.

वीस मिनिटांनी रूथ सिस्टर आली. छातीशी उशी घट्ट धरून मी खोकलो. डोळ्यांतून पाणी आलं, पण खोकलो. पहिला चेंडू वर गेला, दुसरा अर्ध्यापर्यंत.

"बघा," ती म्हणाली.

मी म्हणालो, त्या डब्यानं काही झालेलं नाही, गोळीनं झालं. ती म्हणाली, कुठली गोळी? माझ्या मूत्रपिंडांचे आकडे चांगले नव्हते, त्यामुळं नेहमीच्या जोरदार गोळ्या मला चालत नव्हत्या. त्याहून जोरदार इंजेक्शन दिलं तर मी गुंगीत जायचो आणि श्वास उथळ व्हायचा. मोठ्या डॉक्टरांनी आमच्या वॉर्डात वर्षभरापासून हे संगीताचं चालू केलं होतं. कुणाला भजन, कुणाला कव्वाली, कुणाला जुनी सिनेमातली गाणी. माझ्या कागदावर 'वाद्य कारागीर' असं लिहिलेलं बघून सिस्टरनं तंबोरा आणला होता. तिला वाटलं होतं मला बरं वाटेल.

माझी बायको जैतून दिवसभर कॉटजवळ बसून असायची. ती त्या दिवशी डब्याकडं बघत होती, पण काही बोलली नाही. बोलायची सवय मी तिला फारशी ठेवली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी डबा यायची वेळ झाली आणि मी पडद्याकडं बघत होतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचा राग आला. सिस्टर पाच मिनिटं उशिरा आली. तिनं बटण फिरवलं, मी डोळे मिटले. आदल्या दिवशी दुखण्यापुढं नीट ऐकलंच नव्हतं. आज कान थोडे मोकळे होते.

पंचम. मग षड्जाच्या जोडीची पहिली तार. मग जोडीची दुसरी.

ती दुसरी तार किंचित उशिरा फुलत होती. आवाज निघाला की डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ तो दबलेला राहायचा आणि मग उघडायचा. माझ्या तंबोऱ्याच्या घोडीत, बरोबर त्या तारेखाली, केसाएवढी चीर होती. हाड बदलायचं की ठेवायचं याचा मी आठवडाभर विचार केला होता आणि शेवटी चीर तशीच ठेवून तिच्या भोवतीनं जवारी काढली होती. त्यामुळं ती तार तशी बोलायची. दुनियेत दुसरी कुठली तार तशी बोलत नव्हती.

मी डोळे उघडले.

"हा डबा कुठून आणला?"

सिस्टर म्हणाली, स्टेशन रोडवरच्या दुकानदारानं वॉर्डाला असे तीन डबे दिलेत. चांगला माणूस आहे, दर महिन्याला येतो, तिन्ही तपासून जातो. नाव काय बरं त्याचं, असं म्हणून ती आठवायला लागली.

"बाबालाल," मी म्हणालो.

जैतूनच्या हातातला पेला खाली पडला. स्टीलचा होता, गरगरत कॉटखाली गेला. तो काढायला ती वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

मी तिला सांगितलं की त्याला बोलावून घे, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, तुमची तब्येत बघा, घरी गेल्यावर बोलू. मी म्हणालो, तू फोन लावतेस की मी उठून जाऊ. मी खरंच एक पाय कॉटखाली टाकला होता. तिनं फोन लावला.

बाबालाल दुपारी भेटीच्या वेळेला आला. अकरा वर्षांत मी त्याला रस्त्यावर लांबून बघितलं होतं, जवळून नाही. केस पांढरे झाले होते. चेहरा वडिलांसारखा होत चालला होता, त्यानं माझा राग आणखीच वाढला. तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. बस असं मी म्हटलं नाही आणि तो बसलाही नाही. आमचं बोलणं घरच्या बोलीत झालं, इथं मराठीतच सांगतो.

"यात माझा तंबोरा आहे," मी डब्याकडं बोट दाखवलं.

"आहे."

"म्हणजे चोर तूच."

"मी नेला, हे खरं आहे."

एवढं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. मी विचारलं, तंबोरा कुठं आहे. त्यानं सांगितलं की बंगळूरला हे डबे बनवणाऱ्या एका माणसाकडं नेऊन त्यानं त्याच्या चारही तारांचा आवाज भरून घेतला, दोन दिवस लागले. परत येताना गाडीत वरून कुणाची तरी ट्रंक घसरली आणि भोपळा फुटला. दांडी आणि घोडी त्याच्याकडं आहेत. भोपळा गेला.

 दोन वर्षांचं काम. मी म्हणालो, "चोरलास तो चोरलास, नीट सांभाळलाही नाहीस."

बाबालाल मला लहानपणापासून 'तुम्ही' म्हणायचा. त्या दिवशी तो 'तू' म्हणाला.

"आणि तू काय करणार होतास त्याचं?" तो म्हणाला. "सांग की सगळ्यांना. करवत आणायला तू आत गेला होतास की मी?"

ही गोष्ट मी वर सांगितली नाही. गल्लीत कुणालाच सांगितली नव्हती. वाटणीच्या दिवशी बाबालाल म्हणाला होता की तंबोरा तुमच्या हातचा असला तरी भोपळा वडिलांनी निवडलेला आहे, लाकूड वडिलांचं आहे, तेव्हा तो दोघांचा. त्याला तो विकायचा नव्हता, वडिलांच्या खोलीत तसाच राहू द्या एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी म्हणालो, दोघांचा काय, मग अर्धा अर्धा करतो, तुझा अर्धा तू घेऊन जा. आणि मी कारखान्यात करवत आणायला गेलो. तंबोरा उभा चिरायचा असंच मी मनाशी धरलं होतं. करवत घेऊन परत आलो तर खुंटी रिकामी.

"तो आवाज वाचवला मी," बाबालाल म्हणाला. "तुझ्यापासून वाचवला. त्याच्यापायी अकरा वर्षं चोर म्हणून घेतलं. आता अजून काय पाहिजे तुला?"

"निघ इथनं," मी म्हणालो.

तो जैतूनकडं बघून थोडा थांबला. काहीतरी विचारल्यासारखं बघितलं त्यानं. तिनं मान खाली घातली. मग तो गेला.

मी सिस्टरला हाक मारली आणि डबा न्यायला सांगितला. ती म्हणाली, संध्याकाळचा व्यायाम झाल्यावर नेते. मी म्हणालो, तो डबा या कॉटजवळ राहिला तर मी हातातली सुई उपसून टाकेन. तिनं वाद घातला नाही. डबा घेताना एवढंच म्हणाली, "चाचा, ही छाती तुमची आहे. माझी नाही."

संध्याकाळी मी खोकलो नाही. चेंडू ओढले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळीही नाही. जैतूननं नळी तोंडाजवळ आणली, मी ढकलून दिली. दुखणं पूर्वीपेक्षा दुप्पट झालं होतं, कारण आता ते कमी होऊ शकतं हे कळलं होतं. वीस मिनिटांची गोष्ट होती. बटण फिरवलं असतं तर माझ्याच हातांनी घासलेली तार वाजली असती आणि मला श्वास मिळाला असता. पण तो श्वास बाबालालनं दिलेला झाला असता. त्यापेक्षा गुदमरलेलं बरं असं मला खरोखर वाटत होतं. आज हे लिहिताना विचित्र वाटतं, पण तेव्हा त्यात मला एक प्रकारची मजाही वाटत होती, जखमेची खपली काढताना वाटते तशी.

अकराच्या सुमारास थंडी वाजून ताप आला. छातीचा फोटो काढला. मोठे डॉक्टर आले, फोटो उजेडाकडं धरून बघितला आणि त्यांनी मला नव्हे, जैतूनला सांगितलं की डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग बसलाय. आज दिवसभरात कफ सुटला तर ठीक, नाहीतर संध्याकाळी यांना परत मशीनवर घालू आणि मग काय होईल ते मी सांगू शकत नाही. माझ्याकडं वळून ते म्हणाले, तुम्हाला जगायचं नसेल तर ऑपरेशनआधी सांगायचं होतं, दुसऱ्या पेशंटला कॉट दिली असती. आणि गेले.

 जैतूननं पडदा ओढून घेतला. कॉटवर माझ्या पायांजवळ बसली. आमच्या लग्नाला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती आणि मला आठवतं तसं, माझ्याकडं असं सरळ डोळ्यांत बघून ती त्याआधी कधी बोलली नव्हती.

"तंबोरा मी दिला," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी विचारलं, कुणाला?

"तुम्ही करवत आणायला गेलात. मी खुंटीवरनं काढला, बाबूभाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, पळा. ते नको म्हणत होते. म्हणाले, भाई आल्यावर मी त्यांना समजावतो. मीच ढकललं त्यांना मागच्या दारानं."

पलीकडच्या कॉटवरचा माणूस खोकत होता. ती थांबली, त्याचं खोकणं संपू दिलं.

"तुमच्या हातात करवत होती. तुमचा चेहरा मी बघितला होता. मी दिला हे कळलं असतं तर तुम्ही मला काय केलं असतं, सांगा. त्या दिवशीच तलाक दिला असता. पोरगी सोळा वर्षांची होती. मी बाबूभाईंना शपथ घातली, माझं नाव घेऊ नका. त्यांनी घेतलं नाही. तुम्ही टपरीवर त्यांना चोर म्हणालात, तेव्हा नाही घेतलं. पोरीच्या लग्नात ते रस्त्यावर उभे होते, मी खिडकीतनं बघत होते, तेव्हाही नाही. काल तुम्ही त्यांना हाकललंत, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. सांगू का, असं विचारत होते ते. मी मान खाली घातली. काल पण घातली."

ती रडत नव्हती. आवाज मात्र कापत होता, आणि तो भीतीनं कापत नव्हता हे मला कळत होतं.

"आता तुम्ही मेलात तर हे माझ्याजवळच राहील," ती म्हणाली. "ते मला नको आहे. द्यायचा तर तलाक द्या. पण आधी खोका."

 तिचं म्हणणं खरं होतं. तेव्हाच्या मी तिला तलाक दिला असता. मारलंही असतं. पडल्या पडल्या मी तिच्यावर संतापायचा प्रयत्न करून बघितला, अकरा वर्षं मला फसवलं म्हणून. पण संताप धरायलाही छातीत हवा लागते, आणि हवा नव्हती.

ती बाहेर गेली आणि डबा घेऊन आली. माझी परवानगी मागितली नाही. वायर खोचायला तिला जमेना, दोनदा प्लग निसटला, तिसऱ्यांदा बसला. मग तिनं बटण फिरवलं. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. पंचम, षड्ज, उशिरा फुलणारा तो षड्ज, खर्ज. ती खुर्ची ओढून बसली आणि माझ्या पाठीवर तळहात ठेवून तिनं खर्जाबरोबर थोपटायला सुरुवात केली. तिला सुरातलं काही कळत नाही असं मी आयुष्यभर समजत आलो होतो. तिचं थोपटणं एकदाही चुकलं नाही.

अर्ध्या तासानं मी उशी मागितली. छातीशी धरली आणि खोकलो. मग पुन्हा. मग रूथ सिस्टर येऊन पाठीवर ठोकायला लागली आणि मी खोकतच राहिलो. काय काय बाहेर पडलं ते सांगत नाही. दुखण्यानं मी ओरडत होतो, सिस्टर म्हणत होती अजून, जैतून म्हणत होती अजून. दोघीही मला शत्रूसारख्या वाटत होत्या. संध्याकाळी डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मशीनची तयारी रद्द केली.

तेराव्या दिवशी मला घरी सोडलं. तोवर रोज दोन वेळा डबा वाजत होता आणि मी रोज खोकत होतो. बाबालाल पुन्हा आला नाही. जैतून आणि मी त्या विषयावर बोललो नाही. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं जेवण वाढताना एवढंच विचारलं, "गल्लीत कधी सांगणार?"

मी म्हणालो, सांगायचं काय? तुझं नाव घ्यावं लागेल.

"घ्या की," ती म्हणाली. "माझं नाव लपवून तुम्हाला सांगताच येणार नाही. आणि करवतीचंही सांगा."

मी दोन महिने टाळलं. कधी छाती दुखते, कधी ऊन आहे, कधी टपरीवर आज फार जण नसतील. खोकण्यासाठी निदान वीस मिनिटं डबा वाजवता येत होता, याच्यासाठी काहीच नव्हतं. शेवटी एका बुधवारी चार वाजता मी गेलो. आठ-दहा जण होते. त्यांच्यातले निम्मे अकरा वर्षांपूर्वीही होते. बाबालाल बाकाच्या टोकाला बसला होता. मी येताना दिसलो तसा तो उठायला लागला.

मी बसलो नाही. म्हणालो, "माझा भाऊ चोर नाही. मी वडिलांच्या खोलीतला तंबोरा करवतीनं चिरणार होतो. माझ्या बायकोनं तो वाचवायला त्याच्या हातात दिला. तिला माझी भीती होती म्हणून तो गप्प राहिला. मी खोटं बोललो होतो."

एवढंच बोललो. मोठ्यानं बोलता येत नव्हतं, छाती अजून भरून आलेली नव्हती, त्यामुळं मागच्या दोघांना ऐकू गेलं नाही आणि त्यांच्यापैकी एकानं विचारलं, काय म्हणाला? मग ते सगळं मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

 टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मला वाटलं होतं बाबालाल येऊन गळ्यात पडेल, किंवा मला एक ठेवून देईल. त्यातलं काहीच झालं नाही. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि विचारलं, "भाभी घरी आहे?"

आहे, असं मी म्हणालो. तो चालू लागला. माझ्या पुढं चालला होता, मी मागून सावकाश येत होतो. तो घरात शिरला, सरळ स्वयंपाकघरात गेला. मी आत गेलो नाही. कारखान्यात बसलो. हातात एक घोडी घेतली आणि कानशीनं घासायला लागलो, पण लक्ष सगळं आतल्या आवाजाकडं होतं. आधी जैतून रडल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ हळू बोलणं. मग भांड्यांचा आवाज, आणि मग ती हसली. माझ्या घरात ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं. तोही हसला. अकरा वर्षांचं काय काय ते एकमेकांना सांगत होते, मला एक शब्द कळत नव्हता आणि आत जायचं धाडस होत नव्हतं.

तासाभरानं तो बाहेर आला. कारखान्याच्या दारात थांबला. माझ्या हातातल्या घोडीकडं बघितलं, मग माझ्या सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून वर आलेल्या व्रणाकडं.

"अजून दुखतं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "दुखतं."

"दुखू दे," तो म्हणाला, आणि गेला.